धार पाण्यावर की पाण्याखाली?

सांगोल्याच्या बाजूला डाळिंबाच्या बागेला लागून एक शेततळं आहे असं धरा. तळाला प्लास्टिकचा कागद, पाणी बोअरचं, आणि त्याच पाण्यात रोहू-कटला सोडलेले. एका कोपऱ्यात बोअरचा पाइप येतो, दुसऱ्या कोपऱ्यातून ठिबकचा पंप पाणी उचलतो. दुष्काळी तालुक्यांत अशी तळी आता ठिकठिकाणी दिसतात. पुढे बोलणारे मामा पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालेले आहेत. भाची मत्स्यशास्त्र शिकलेली, तळ्यातल्या माशांचा हिशेब तिच्याकडे. दोघंही माझ्या मनातली पात्रं, पण त्यांचं भांडण खरं आहे. पडणारी धार आपल्याबरोबर हवा पाण्यात नेते. ही हवा न्यावी की नेऊ नये, यावर जाणती माणसं खरोखरच दोन बाजूंना उभी असतात.

मामा: हा पाइप वर कुणी बांधला? मी चांगला हातभर पाण्यात सोडून गेलो होतो.

भाची: मी बांधला, मामा. पाण्यापासून मीटरभर उंच. पहाटे मासे तोंड वर काढून तडफडत होते. रात्रभर शेवाळानं आणि माशांनी मिळून प्राणवायू संपवलेला असतो, सूर्य उगवेपर्यंत नवा तयार होत नाही. वरून धार पडली की हवा पाण्यात जाते. फुकटात.

मामा: फुकटात काही मिळत नाही. माझी सगळी नोकरी ही फुकटातली हवा पाण्याबाहेर ठेवण्यात गेली. सम्पमध्ये वरून पाणी पडत असलं आणि तिथंच शेजारी पंपाचं सक्शन असलं, की पंपानं हवा धरलीच म्हणून समज. पाण्यात शेकडा दोन-तीन भाग हवा आली तरी पंपाचा दाब उतरायला लागतो. आणखी वाढली की पंप पाणी सोडतो आणि मोटार नुसती फिरत राहते. माणूस म्हणतो फुटव्हॉल्व्ह गेला. फुटव्हॉल्व्ह ठणठणीत असतो. दोष वरच्या धारेचा असतो.

भाची: ते सम्पचं झालं. हे तळं आहे.

मामा: पाणी पाण्यासारखंच वागतं.

इथे मामांचं वाक्य बरोबर आहे आणि अपुरंही आहे. पाणी पाण्यासारखं वागतं म्हणजे नेमकं कसं, हे पाहायला घरचा नळ पुरतो. तोटी अगदी थोडी उघडली की काचेच्या कांडीसारखी गुळगुळीत धार पडते. तिच्याखाली बादली तोटीच्या अगदी जवळ धरली तर धार पाण्यात निमूट शिरते, बुडबुडा नाही, आवाज नाही. आता बादली सावकाश खाली न्या. धारेला सुरकुत्या पडू लागतात, आणि एका उंचीला एकदम खळखळ सुरू होते. त्या क्षणी हवा आत जाऊ लागलेली असते.

भाची: मामा, धार पाण्याला भिडते तिथं तिच्याभोवती गोल खाच पडते. धार आपल्या अंगाला लागलेली हवा त्या खाचेत ओढत असते आणि पृष्ठताण खाच मिटवायला बघत असतो. वेग कमी असेल तर पृष्ठताण जिंकतो. वेग वाढला आणि धार खडबडीत झाली, की तिच्या अंगावरचे उंचवटे पाण्यात खड्डे पाडतात. खड्ड्याचं तोंड मिटतं आणि हवा आत कोंडते. खालची खळबळ मग तिचे बारीक बुडबुडे करते.

मामा: वेग किती लागतो?

भाची: खळबळलेल्या धारेला सेकंदाला मीटरभर वेग पुरतो. तेवढा वेग तर पाच सेंटिमीटरच्या पडण्यातच येतो. पण तीच धार गुळगुळीत असली तर त्याच्या कितीतरी पट वेग द्यावा लागतो. म्हणून नुसती उंची मोजून उपयोग नाही. पाइपात वाकणं किती, व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे का, पंप धक्के देतोय का, हे सगळं त्यात येतं.

मामा: हे मला पुस्तकाशिवाय माहीत आहे. अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हची धार सर्वांत जास्त फेसाळते. आणि दाट पदार्थाचं काय? तेलाची धार तर गुळगुळीतच असते, तरी ती हवा घेते.

भाची: तिथं यंत्रणा वेगळी. दाट द्रवात ती खाच खाली सुईसारखी टोकदार होते आणि एका वेगानंतर टोक उघडतं. मग धारेभोवती हवेचा पातळसा पडदा पाण्यात, म्हणजे तेलात, ओढला जातो. त्याला खडबडीतपणाची गरज नाही.

मामा: बरं. आता माझं ऐक. तू माशांची बाजू घेतेस, म्हणून तुला हवा म्हणजे वरदान वाटतं. जरा बाहेर बघ. पेट्रोलच्या टाकीत वरून धार सोडत नाहीत. पाइप तळापर्यंत नेतात, आणि त्याचं तोंड पेट्रोलखाली बुडेपर्यंत वेग सेकंदाला मीटरभरच ठेवतात, कारण उडणाऱ्या शिंतोड्यांतून स्थिर वीज साठते. पोलाद ओततात तेव्हा धारेभोवती नळी घालतात आणि तिचं तोंड साच्यातल्या वितळलेल्या पोलादात बुडवतात, नाहीतर हवेनं पोलादात ऑक्साइडचे कण होतात. कल्पक्कमला ५०० मेगावॉटची फास्ट ब्रीडर अणुभट्टी आहे, तिचा गाभा वितळलेल्या सोडियमच्या हौदात बुडालेला आणि वर आरगॉन वायू. तो वायू सोडियमबरोबर ओढला जाऊन गाभ्यातून गेला तर साखळी प्रक्रियेवर परिणाम होऊ शकतो. म्हणून सोडियमच्या पृष्ठभागावरचा वेग आणि कडेवरून पडणाऱ्या प्रवाहाची उंची आराखड्यातच आवळून धरावी लागते. आणि एवढं लांब कशाला जायचं? उंचावरून माप भरणारा दूधवाला आठव. फेसाचे पैसे आपण देतो.

भाची: आणि तुमच्याच जलशुद्धीकरण केंद्रात पाणी आल्याआल्या पायऱ्यापायऱ्यांच्या कारंज्यावरून कशाला पाडतात?

(मामा जरा थांबले. हा बाण घरचा होता.)

मामा: ती वेगळी गोष्ट. तिथं वास जावा, कार्बन डायऑक्साइड निघावा, लोह असेल तर त्याचा गंज होऊन खाली बसावा, म्हणून.

भाची: मग बोअरच्या पाण्याला हेच तिन्ही लागत नाही का? भूगर्भातलं पाणी बहुतेक वेळा प्राणवायूला मुकलेलं असतं. काही ठिकाणी त्यात लोह विरघळलेलं असतं. ते दिसत नाही, पाणी नितळ दिसतं. त्या लोहाला प्राणवायू कुठंतरी भेटणारच. इथं तळ्यात भेटला तर गंज तळाशी बसेल. नाहीतर तो भेटेल तुमच्या ठिबकच्या नळीत, आणि ड्रिपर बुजतील. चुन्याचंही तसंच. कार्बन डायऑक्साइड उडाला की क्षार सुटायला लागतात. ते इथं सुटू देत, झाडाच्या बुंध्याशी नकोत. धार वर बांधली ती तुमच्या डाळिंबासाठीही आहे.

एवढ्यात मामा हरतील असं वाटलं असेल तर तुम्ही निवृत्त अभियंते पाहिलेले नाहीत. त्यांनी हुकमाचं पान राखून ठेवलं होतं आणि ते माशांचंच होतं.

मामा: तुला अमेरिकेतल्या कोलंबिया नदीवरचं जॉन डे धरण माहीत आहे? १९६८ साली धरणानं पाणी अडवलं तेव्हा वीजघराची यंत्रं तयार नव्हती. सगळी नदी सांडव्यावरून खाली कोसळू लागली. तुझ्या भाषेत बोलायचं तर नदीला हवाच हवा मिळाली. आणि साल्मन मासे मेले. पाण्यात हवा कमी पडली म्हणून नाही, जास्त झाली म्हणून.

भाची: गॅस बबल रोग. माहीत आहे.

मामा: माहीत असून पाइप वर बांधलास?

भाची: माहीत आहे म्हणूनच बांधला. तिथं काय झालं ते नीट बघा. सांडव्याचं पाणी खालच्या कुंडात खोल घुसलं आणि बुडबुड्यांना दहा-दहा मीटर खाली घेऊन गेलं. दहा मीटरवर दाब दुप्पट. दाब दुप्पट म्हणजे वायू विरघळतोही दुप्पट. मग ते पाणी वर येऊन नदीला लागलं, दाब सुटला, पण विरघळलेला नत्र लगेच सुटत नाही. मासा तसलं पाणी कल्ल्यांतून घेतो आणि त्याच्या रक्तात, परांत, डोळ्यांमागे बुडबुडे धरतात. झपाट्यानं वर आलेल्या पाणबुड्याला होतं तेच.

मामा: आणि उपाय काय केला? धार खोल जाऊच दिली नाही. सांडव्याच्या पायथ्याशी ओठ बसवले, पाणी तळाकडे जाण्याऐवजी पृष्ठभागावरून सपाट निघून जावं म्हणून. माझंच म्हणणं त्यांनी काँक्रीटमध्ये उतरवलं.

भाची: तुमचं नाही, माझं. त्यांनी हवा बंद केली नाही, मामा. त्यांनी खोली बंद केली. ओठांवरून जाणारं पाणीही फेसाळतंच, पण बुडबुडे वरच्या वर राहतात, दाब खात नाहीत. तिथं विरघळलेल्या वायूंची मूळ कायदेशीर मर्यादा तृप्ततेच्या ११० टक्क्यांची. साधारण हिशेब असा की पाण्यात एक मीटर खोल असलेल्या माशाला दहा टक्के जादा वायू बाधत नाही, कारण वरच्या पाण्याचा दाब तो भार पेलतो. आता आपला हिशेब करू. बोअरचं पाणी सेकंदाला तीन लिटर, पाइप दोन इंची, मीटरभर पडणं. पाण्याला लागताना वेग होतो सेकंदाला साडेचार मीटरच्या जरा वर आणि धार बारीक होऊन जेमतेम तीन सेंटिमीटरची राहते.

मामा: पुढे?

भाची: वॉर्सॉच्या आंद्रेय बिन यांनी १९९३ साली अशा धारांवरचं तोवरचं काम एकत्र करून दोन सूत्रं मांडली. एक किती हवा जाते त्याचं, एक बुडबुडे किती खोल जातात त्याचं. आपल्या धारेला ती लावली तर पाण्याच्या निम्म्याहून थोडी जास्त हवा आत जाते, म्हणजे सेकंदाला दीड लिटरच्या वर. आणि बुडबुडे जातात साठ-पासष्ट सेंटिमीटर खोल. तेवढ्या पाण्याचा दाब वातावरणाच्या सहा-साडेसहा टक्के. जॉन डे इथं होऊ शकत नाही.

मामा: सूत्रं प्रयोगशाळेतल्या सरळ नळीची असतात. तुझा पाइप वाकडा, सुतळीनं बांधलेला आणि बोअर धापा टाकत पाणी देतो. निम्मी म्हणतेस ती पाऊणही असेल, पावही असेल.

भाची: असेल. पण साठची सहाशे सेंटिमीटर होणार नाही.

या आकड्यांपाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण याच सूत्रांत एक गंमत आहे. मामा-भाचीच्या घाईत ती निसटून जाईल. तीच धार फोडून एकेक सेंटिमीटरच्या अनेक बारीक धारा केल्या, पडणं तेच मीटरभर ठेवलं, तर आत जाणारी हवा पाण्याच्या बरोबरीला येते, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते. पण बुडबुडे तीसेक सेंटिमीटरच खाली जातात. उलट तेवढ्याच उंचीवरून दहा सेंटिमीटरची एकच जाड धार सोडली (तिला पाणी अर्थात कितीतरी जास्त लागेल) तर हवा पाण्याच्या पावपटीच्या आसपास येते, आणि बुडबुडे दीड मीटरच्या जवळ पोचतात. बारीक धार पुष्कळ हवा घेते आणि वरच सोडते. जाड धार थोडी घेते, पण खोल नेते. कारंजं आणि सांडवा यांच्यातला फरक बराचसा इतकाच आहे. प्राणवायू घालायचा असेल तर धारा फोडाव्यात, हे यावरून निघतं. तळाचं शिळं पाणी ढवळायचं असेल तर मात्र फोडू नयेत. हवेच्या एका लिटरमध्ये सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो, आणि तीस अंश तापमानाचं तृप्त पाणी लिटरला साडेसात मिलिग्रॅमच धरून ठेवतं. तेव्हा हवा कमी पडत नाही. कमी पडतो तो बुडबुडा आणि पाणी यांचा सहवास. दोन ते पाच मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला वीस-पंचवीस सेंटिमीटरनं वर चढतो, म्हणजे आपल्या तळ्यात त्याला फार तर काही सेकंद मिळतात.

खोल नेण्याचा उद्योग माणसानं मुद्दामही केला आहे. कॅनडात ओंटारिओ प्रांतात कोबाल्ट नावाचं चांदीच्या खाणींचं गाव आहे. तिथल्या खाणींतल्या यंत्रांना दाबाखालची हवा पुरवायला चार्ल्स टेलर यानं रॅगेड शूट इथं १९१० मध्ये एक कारखाना उभारला. त्यात कॉम्प्रेसर नव्हता. नदीचं पाणी हवा ओढत शंभर मीटरहून खोल विहिरीत पडायचं, तळाच्या बोगद्यात पाणी संथ झालं की हवा वर सुटायची, आणि ती वातावरणाच्या आठेक पट दाबाची असायची. पाइपांतून ती मैलोन्‌मैल खाणींकडे जायची. सत्तर वर्षं हे चाललं. मामांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, विहीर खणायला पैसे लागले की नाही?

मामा: बरं, माशांचं सोड. माझा पंप? बुडबुडे साठ सेंटिमीटर जातात म्हणतेस, ते मोठे बुडबुडे. बारीक बुडबुडे पाण्याबरोबर हिंडतात. सक्शनच्या तोंडाशी ओढ असते. बुडबुड्याच्या चढण्याच्या वेगापेक्षा ती ओढ जास्त झाली, की तो सक्शनमध्ये गेलाच.

भाची: गेला असता, सक्शन धारेजवळ असतं तर. फुटव्हॉल्व्ह समोरच्या कोपऱ्यात आहे आणि दोन मीटर खोल.

मामा: आज आहे. मे महिन्यात तळं आटलं की? दोन मीटरचं पाऊण मीटर होईल, आणि तुझी धार तेव्हा मीटरभर नाही, सव्वादोन मीटरवरून पडेल. वेग वाढेल, खोली वाढेल, आणि खाली पाणी नसेल. धार कागदावर आदळेल. कागद फाटला की तळं गेलं. याचं सूत्र आहे का कुणाचं?

(भाची गप्प. या प्रश्नात मामा सरळ सरळ बरोबर आहेत, आणि शेततळ्यांच्या कागदाला पडलेली किती भोकं अशी पडली असतील कोण जाणे.)

भाची: पाइप कागदाच्या काठावर नको. तरंगत्या ड्रमवर बांधते. पाणी उतरेल तशी धारही उतरेल. उंची मीटरभरच राहील आणि जागा तळ्याच्या मध्याकडे सरकेल.

मामा: आणि तिथून सक्शन किती लांब राहील?

भाची: निम्मं अंतर कमी होईल. म्हणून तोंडाला भोकं पाडून धारा फोडते. बुडबुडे तीस सेंटिमीटरच्या खाली जाणार नाहीत.

मामा: हं. सक्शनच्या पाइपाचे सांधे तपासलेस का? वर धार पाडून जेवढं नुकसान होणार नाही तेवढं सांध्यातून शोषलेल्या हवेनं होतं.

भाची: ते माशांनाही लागू आहे, मामा. मत्स्यबीज केंद्रांत गॅस बबल रोगाचं नेहमीचं कारण हेच. पंपाच्या सक्शनला बारीक गळती, तिथून हवा आत, मग पंप ती दाबाखाली पाण्यात विरघळवतो. आणि बोअरच्या पाण्यात मुळातच नत्र जादा असला तर उघड्यावर पडणारी धार तो बाहेर काढते. प्राणवायू घालते आणि जादा नत्र काढते. तुम्ही तोंड पाण्यात बुडवलं असतं तर हे दोन्ही झालं नसतं.

मामा: विजेचं काय? मीटरभर उंच चढवायला हेड लागतं.

भाची: बोअर साठ-सत्तर मीटरवरून पाणी आणतो. त्यात एक मीटर. शेकडा दीड.

मामा: आणि वीज रात्रीच येते.

भाची: मग तर बरंच. माशांनाही प्राणवायू रात्रीच कमी पडतो.

रात्रपाळीच्या विजेचं कौतुक करणारं हे महाराष्ट्रातलं बहुधा एकमेव वाक्य असेल. अंधारात साप-विंचवाचा विचार करत मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसासमोर ते म्हणू नये, एवढं मी भाचीला सांगेन.

मामांनी मग कान तळ्याकडे लावला. जुने पंपवाले आवाजावरून हवा ओळखतात, आणि त्याला शास्त्राचा आधार आहे. वाहत्या पाण्याचा खळखळाट हा मुख्यतः पाण्याचा नसतो, आत कोंडलेल्या बुडबुड्यांचा असतो. मार्सेल मिनार्ट या खगोलशास्त्रज्ञानं १९३३ मध्ये त्याचं गणित मांडलं. तीन मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा तयार होताना सेकंदाला सुमारे २२०० कंपनांचा सूर देतो, आणि मोठा बुडबुडा खालचा सूर. म्हणजे आवाज ऐकून बुडबुडा बारीक की जाड हे कळतं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ मध्ये नळाच्या टपटपीचाही आवाज असाच बुडबुड्याचा असल्याचं दाखवलं. खालच्या भांड्यात भांडी घासायचा साबण घातला की टपटप थांबते. रात्री झोप मोडणाऱ्या नळावर प्लंबर येईपर्यंतचा तोडगा म्हणून हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

मामा: आवाज जाड येतोय. एकच धार आहे म्हणून. भोकं पाड, मग बघू.

भाची: म्हणजे पाइप वर ठेवायचा?

मामा: तळ्यात ठेव. घरच्या सम्पमधला मात्र पाण्याखाली गेला पाहिजे. तिथं मासे नाहीत, पाणी चार फूट, आणि सक्शन धारेच्या अंगावर आहे. तिथं तुझं एक ऐकणार नाही.

भाची: तिथं मी बोलणारच नव्हते. फक्त महापालिकेच्या किंवा पंचायतीच्या नळाला जोडलेला पाइप तरी बुडवू नका. नळाचा दाब गेला की सम्पमधलं पाणी उलटं शोषलं जातं.

मामा: ते मला शिकवू नकोस. तिथं पाइप वरच ठेवून धारेखाली आडवी भिंत घालतात, म्हणजे बुडबुडे अलीकडेच वर सुटतात आणि पलीकडे स्वच्छ पाणी जातं.

मला विचाराल तर या वादात भाची तळ्यापुरती जिंकली आणि मामा सम्पपुरते. धार वर की खाली हा प्रश्नच अर्धा आहे. बुडबुडे किती खोल जातील, आणि ते वर यायच्या आधी पाणी कुठं पोचेल, हे दोन आकडे मिळाल्याशिवाय त्याला उत्तर नाही. तुमच्याकडे शेततळं असेल आणि त्यात मासे असतील, तर धार पाण्यापासून मीटरभर उंच ठेवा, फोडा, सक्शनपासून लांब ठेवा, आणि उन्हाळा लागण्याआधी ती कागदावर पडणार नाही ना, हे एकदा जाऊन पाहा.